कर्करोगग्रस्त बालकाचा क्लम
श्रमाविना येणाऱ्या थकव्यास सुश्रुताचार्यांनी ‘क्लम’ म्हटले आहे. रक्तकर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या बालकाचा थकवा पुष्कळदा याच स्वरूपाचा असून तो केवळ विश्रांतीने सरत नाही. अशा वेळी पालक रसायनाची मागणी करतात. परंतु मर्कॅप्टोप्युरिन व मेथोट्रेक्सेट ही औषधे यकृतास बाधक ठरू शकतात; अश्वगंधा व गुळवेल यांच्या सेवनानंतरही यकृतविकार झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीविना वैद्यांनी रसायन योजू नये, औषधविक्रेत्यांनीही ते देऊ नये. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत शारीरिक हालचाल व मनःशिथिलीकरण यांवर भर आहे. झेपेल तेवढा खेळ, नियमित निद्रा, ताजे शिजवलेले अन्न हा आहारविहार आपण अवश्य सांगावा. ज्वर आल्यास मात्र बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.