छायाचित्रग्रंथ

छायाचित्रग्रंथ : ज्या ग्रंथात विषयाचे प्रतिपादन मुख्यतः छायाचित्रांची निवड व त्यांचा क्रम यांद्वारे केलेले असते, असा ग्रंथ. छायाचित्रे केवळ मजकुरास पूरक म्हणून घातलेल्या सचित्र ग्रंथाहून तो भिन्न होय.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. तिचे एक सभासद विल्यम जॉन्सन यांनी १८५६–५८ या काळात छायाचित्रांचे एक मासिक चालविले आणि पुढे मुंबईतील रहिवासी व प्रवासी यांच्या जातिजमातींविषयी दोन खंड लंडनमध्ये प्रसिद्ध केले (१८६३ व १८६६). छायाचित्र मजकुराबरोबर छापण्याची सोय तेव्हा नव्हती. अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर प्रती काढून त्या हाताने पानांवर चिकटवीत. त्यामुळे प्रती थोड्या व महाग असत. जॉन्सन यांनी काही ठिकाणी माणसे व पार्श्वभूमी वेगवेगळी टिपून नंतर ती एकत्र जोडली. मथळ्यात बहुधा जातीचे वा व्यवसायाचे नाव असे, व्यक्तीचे नसे. द पीपल ऑफ इंडिया (८ खंड, १८६८–७५) हा शासकीय प्रकल्पही याच वर्गीकरणपद्धतीचा होता.

चीनमध्येही प्रारंभ परकीयांकडून झाला. जॉन टॉमसन यांच्या चारखंडी ग्रंथात (१८७३–७४) भूदृश्यांबरोबर तेथील लोकांचे ‘नमुने’ आढळतात. मात्र शांघायच्या ल्यांगयौ या प्रकाशनसंस्थेने १९३२ मध्ये चिनी छायाचित्रकारांचे पथक देशभर पाठवून १९३४ मध्ये स्वदेशदर्शनाचा मोठा ग्रंथ काढला. एप्रिल १९७६ मध्ये जौ एन-लाय यांच्या स्मरणार्थ थ्येनआनमन चौकात जमलेल्या सामान्य लोकांनी टिपलेली छायाचित्रे १९७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. तेथे चित्रित होणारे व चित्रण करणारे एकाच समुदायातले होते.

राजुरा परिसराच्या दृष्टीने क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांचा द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद (१९४८) हा ग्रंथ महत्त्वाचा आहे. राजुरा तालुका त्या वेळी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५९ मध्ये तो चंद्रपूर जिल्ह्यास जोडण्यात आला. गोंडांच्या पुराणकथा व विधी यांचे विवेचन करणारा हा ग्रंथ मजकूरप्रधान असल्याने काटेकोर अर्थाने छायाचित्रग्रंथ ठरत नाही. तथापि लेखकाने गोंड गावांत दीर्घकाळ राहून घेतलेली त्यातील छायाचित्रे, आता राज्यसीमेने विभागलेल्या एका समाजाची मोलाची दृश्य नोंद होय. त्यांचा छायाचित्रसंग्रह मात्र लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी विद्यासंस्थेत आहे.

मराठीत संदेश भंडारे यांच्या तमाशा : एक रांगडी गंमत (२००६) या ग्रंथात लोककलावंतांचे जीवन मराठी छायाचित्रकाराच्या दृष्टीने आले आहे. अशा ग्रंथाचे मूल्यमापन करताना मुद्रण व मांडणी यांबरोबरच छायाचित्र कोणी घेतले, त्यातील माणसाचे नाव नोंदविले काय आणि ग्रंथ त्याच्यापर्यंत पोहोचला काय, हेही पाहणे आवश्यक ठरते.