छोट्या खोलीतील बँडसॉ : निवड, वापर आणि दक्षता

औत, पाभर, तिफण, बैलगाडी ही अवजारे एकेकाळी गावच्या सुताराच्या हातून घडत. बाभळीचे लाकूड आणि करवत, वाकस, रंधा, पटाशी एवढ्या साहित्यावर त्याचा प्रपंच चाले. ट्रॅक्टर व लोखंडी अवजारे आली तसे ते काम ओसरले. तथापि पाट, चौरंग, स्टूल, खिडकीची चौकट यांची गरज उमापूरसारख्या गावात आजही आहे. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडतात. अशा जिल्ह्यात घराला लागून असलेल्या एका खोलीत करता येणाऱ्या कामाचे मोल मोठे आहे. मर्यादित जागेत आणि मर्यादित पैशांत पहिले यंत्र कोणते घ्यावे, या प्रश्नाला आमचे उत्तर आहे : लहान बँडसॉ, म्हणजेच पट्ट्याची करवत.

दोन चाकांवरून फिरणारा, एका कडेला दाते असलेला अखंड पोलादी पट्टा हे या यंत्राचे मर्म होय. इंग्लंडमधील विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ साली त्याचे पेटंट घेतले. परंतु पट्ट्याच्या टोकांचा जोड टिकेना. पुढे १८४६ साली अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने जोडणीची उपयुक्त पद्धत शोधली आणि यंत्र व्यवहारात आले. आपल्याकडील आरागिरणीतील मोठी करवत याच कुळातली आहे.

घरगुती यंत्राचे चाक साधारण २०० ते २५० मिमी व्यासाचे असते. ते मजबूत टेबलावर मावते, घरच्या सिंगल फेज विजेवर चालते आणि सुमारे ८० ते १०० मिमी जाडीचे लाकूड कापते. पाते वरून खाली जात असल्याने लाकूड टेबलावरच दाबले जाते. गोल चकतीची करवत लाकूड कारागिराच्या अंगावर उलट फेकू शकते, तो धोका येथे फार कमी. काप बारीक असल्याने भुशात जाणारे लाकूडही वाचते. मात्र प्लायवूडचा अखंड तक्ता या यंत्रावर कापणे अवघड असते आणि कापलेल्या पृष्ठभागावर रंधा फिरवावाच लागतो.

या यंत्राचे खरे सामर्थ्य वक्राकार कापात आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वक्र लाकडी फासळ्या आजही आहेत. त्या हाताच्या अवजारांनी घडल्या. तशी वळणे आज बँडसॉवर थोड्या वेळात निघतात. पण त्यासाठी पाते योग्य हवे. ६ मिमी रुंदीचे पाते सुमारे १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळते, तर १२ मिमीच्या पात्याला सुमारे ६५ मिमी त्रिज्या लागते. म्हणून वळणासाठी अरुंद आणि सरळ कापासाठी रुंद पाते घ्यावे. लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते राहतील, हे पाहावे. जाड लाकडाला मात्र मोठे, विरळ दातेच बरे. तीव्र वळण असल्यास आधी बाहेरून रेषेपर्यंत छोटे आडवे काप द्यावेत, म्हणजे पाते अडकत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्राचा प्लग काढून पात्याचा ताण तपासावा, चाक हाताने फिरवून पाते मध्यावर चालते का ते पाहावे आणि गुण्या लावून टेबल काटकोनात आणावे. वरचे गाइड लाकडापासून ५ मिमीच्या आसपास ठेवावे. ते उंच राहिले तर काप वाकडा जातो आणि उघडे पाते वाढते. लाकूड रेटू नये. रेटावे लागत असेल, तर दाते बोथट झाले असे समजावे.

बोटे कधीही पात्याच्या रेषेत नसावीत. शेवटच्या टप्प्यात लाकूड काठीने ढकलावे. हातमोजे, सैल बाह्या, पदर, ओढणी यांना यंत्राजवळ स्थान नाही. गोल काठी तशीच कापू नये, पाते तिला गरकन फिरवते. इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेत ती घट्ट बसवावी. वीज गेली की प्रथम स्विच बंद करावा, कारण वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होऊ शकते. व्होल्टेज कमी असल्यास मोटर तापते, तेव्हा काम थांबवावे. अर्थिंग अनिवार्य आहे. लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली गेली आहे. म्हणून मुखपट्टी, उघडी खिडकी आणि रोजची झाडलोट हा कामाचाच भाग मानावा.

आणखी एक सूचना. आरागिरणी चालवण्यास वनविभागाचा परवाना लागतो. म्हणून इतरांची ओंडकी चिरून देण्याचा विचार असल्यास आधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती ही कला आहे, त्यांनी ती गावातील तरुणांना शिकवावी, अशी आमची विनंती आहे. पालकांनी मात्र लहान मुलांना चालू यंत्राजवळ येऊ देऊ नये. त्यांच्या हाती आधी साधी करवत आणि पेन्सिल द्यावी. आखलेल्या रेषेवर नजर स्थिर ठेवण्याची सवय तेथेच लागते आणि पुढे यंत्रावर तीच सवय बोटे वाचवते.