घोड्यांच्या पागेत श्वान निवडताना रूपाआधी कामाचा वारसा पाहा

नवी दिल्ली : नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्यात दत्तजयंतीपासून भरणाऱ्या घोडेबाजारात येणारे व्यापारी असोत, मोटारींना प्रवेश नसलेल्या माथेरानमधील अश्वचालक असोत किंवा राजस्थानात पिढ्यान्‌पिढ्या मारवाडी घोडे सांभाळणारी घराणी असोत, अशा अनेक कुटुंबांत मुले पागेच्या अंगणातच लहानाची मोठी होतात. राखणीसाठी आणि सोबतीसाठी तेथे कुत्रा आणण्याचा विचारही स्वाभाविकपणे होतो. मात्र घोडे आणि मुले या दोहोंसोबत राहणाऱ्या श्वानाची निवड केवळ रूप किंवा लौकिक पाहून केल्यास ती कुत्र्याच्या, स्वाराच्या वा एखाद्या बालकाच्या जिवावर बेतू शकते.

यामागील कारण घोड्याच्या स्वभावात आहे. निसर्गतः तो शिकारी प्राण्यांचे भक्ष्य ठरणारा जीव असल्याने धोका जाणवताच पळणे आणि पळता न आल्यास लाथ झाडणे, हा त्याचा बचाव असतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचे बहुतेक सर्व दिसते. मात्र अगदी पाठीमागचा आणि कपाळालगतचा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. नेमक्या त्याच मागच्या बाजूने एखादा कुत्रा अचानक पायाशी आला, तर शांत घोडाही उधळतो.

त्यामुळे ती जात मुळात कोणत्या कामासाठी घडवली गेली, हा निवडीतील पहिला प्रश्न ठरतो. बॉर्डर कोली ही जात दबा धरून, नजर रोखून मेंढ्या वळवते, तर ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि वेल्श कॉर्गी या जाती गुरांच्या टाचांना चावे घेत त्यांना हाकण्यासाठी तयार झाल्या. गुरांमागे उपयोगी पडणारी ही सवय घोड्याच्या मागच्या पायांशी प्राणघातक ठरू शकते. धावणाऱ्या लहान मुलांनाही असे कुत्रे कळपासारखे वळवू पाहतात आणि प्रसंगी त्यांच्या पायांना तोंड लावतात. हे श्वान अतिशय बुद्धिमान असतात. अमेरिकेतील पशुपालक घोड्यांसोबत ऑस्ट्रेलियन शेफर्ड सर्रास बाळगतात. पण त्यासाठी रोजचे काम आणि जाणकार मालक आवश्यक असतो.

घोड्यांशी सर्वांत जुने नाते सांगणाऱ्या जातींत डाल्मेशियनची गणना होते. इंग्लंडमध्ये हा ठिपकेदार कुत्रा घोडागाडीबरोबर धावत असे, तर अमेरिकेत तो घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या अग्निशमन बंबांच्या सोबतीला असे. या जातीत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण मात्र अधिक आढळते. मागून येणाऱ्या टापा ज्याला ऐकू येत नाहीत, असा कुत्रा पागेत सुरक्षित राहू शकत नाही. म्हणूनच पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या श्रवणाची तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

कुटुंबासाठी लॅब्राडोर ही तुलनेने सोपी निवड मानली जाते. पारध उचलून आणण्यासाठी घडलेल्या या जातीत जनावरे हाकण्याची ओढ कमी आणि माणसांशी जुळवून घेण्याची वृत्ती अधिक असते. मात्र ती खादाड असल्याने वजनावर लक्ष ठेवावे लागते. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातून नावारूपाला आलेला मुधोळ हाउंड, ज्याला महाराष्ट्रात कारवानी म्हणूनही ओळखतात, काटक आणि वेगवान असतो. परंतु नजरेने सावज हेरणारी ही जात असल्याने पळत्या वस्तूमागे धावणे तिच्या रक्तात आहे. दौडणाऱ्या शिंगरामागे तो लागणार नाही, याची खात्री प्रशिक्षणानेच होते. देशी गावठी कुत्रा येथील उन्हाला सरावलेला असतो. त्याच्याबाबत वारशापेक्षा त्या विशिष्ट कुत्र्याचा स्वभाव पारखणे महत्त्वाचे. बसक्या नाकाचे पग किंवा दाट केसांचे हस्की भारतातील बहुतेक भागांत घोड्याबरोबर धावण्यास योग्य नाहीत.

पागेतील एक धोका बहुधा दुर्लक्षित राहतो. घोड्यांना दिल्या जाणाऱ्या जंतनाशकात अनेकदा आयव्हरमेक्टिन असते आणि त्याची मात्रा घोड्याच्या वजनाच्या हिशेबाने ठरवलेली असते. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या जातींतील अनेक कुत्र्यांत असा जनुकीय दोष असतो की, हे औषध त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचते आणि जीवघेणे ठरू शकते. जमिनीवर सांडलेले औषध चाटल्याने किंवा औषध दिलेल्या घोड्याची लीद खाल्ल्यानेही विषबाधा होऊ शकते. त्यामुळे जंतनाशक देताना कुत्र्याला बांधून ठेवावे आणि पुढील काही दिवस लीद त्याच्या आवाक्याबाहेर टाकावी.

रेबीजचा संसर्ग कुत्र्यापासून माणसाला तसाच घोड्यालाही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्र्याचे नियमित लसीकरण म्हणूनच अनिवार्य समजावे. पिल्लू विकत घ्यायचे झाल्यास, श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो आणि आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीस मनाई आहे. शक्य असल्यास पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. तिच्या स्वभावावरून बराच अंदाज येतो.

पिल्लू घरी आल्यावर पहिले काही आठवडे घोड्याची ओळख कुंपणाच्या पलीकडून, पट्टा हाती धरूनच करून द्यावी. त्यासाठी वयाने मोठा, शांत घोडा निवडावा. हाक मारताच परत येणे आणि सांगताच जागीच थांबणे, या दोन आज्ञा पक्क्या होईपर्यंत कुत्र्याला पागेत मोकळे सोडू नये. लहान मूल घोड्यावर बसलेले असताना तर प्रशिक्षित कुत्राही बांधलेलाच असावा.

कोणतीही जात जन्मतः पागेसाठी तयार नसते. जातीच्या निवडीने धोका कमी होतो. उरलेली जबाबदारी पट्टा हाती धरणाऱ्या माणसाची असते.