व्हिनियर म्हणजे नकली सागवान?

सायखेड्यात नवं घर बांधायला काढलं की सल्ला देणारे आपोआप जमतात. दारं-कपाटं व्हिनियरची करणार म्हटलं, की त्यातला एखादा वडीलधारा हमखास म्हणतो, ‘आज्याच्या वाड्याला अख्खा साग होता, आन् तुम्ही कागद चिकटवता?’

कागद असतो तो सनमायकात. कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, तापवून, दाबून तो तक्ता होतो. त्यावरचं लाकूड म्हणजे छापलेलं चित्र. व्हिनियर मात्र लाकूडच असतं. ओंडका गरम पाण्यात मऊ करतात आणि रुंद पात्याने त्याचे पातळ काप काढतात, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. फळीवर हात फिरवल्यावर ज्या रेघा लागतात, त्याच इथेही असतात.

या रेघांवरूनही घोळ होतो. एका कपाटावर डोंगराच्या कमानींसारखी नक्षी आणि दुसऱ्यावर सरळ उभ्या रेघा दिसल्या, की दुकानदाराने दोन वेगळी लाकडं दिली असं वाटतं. ओंडका एकच असू शकतो. कापाची दिशा बदलली की नक्षी बदलते. आफ्रिकेतल्या सापेलीसारख्या लाकडात तंतू एकमेकांत उलटसुलट गुंतलेले असतात, म्हणून त्याचे पट्टे उजेडात रेशमासारखे हलल्यागत दिसतात. तक्ते घेताना एकाच ओंडक्याचे, क्रमाने लावलेले मागावेत. नाहीतर दोन दारं शेजारी उभी राहून एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

‘रेकॉन’ व्हिनियरला प्लास्टिक म्हणणारेही भेटतात. तेही लाकूडच आहे. लवकर वाढणाऱ्या, फिक्या झाडाचे काप रंगवून, चिकटवून त्यांचा ठोकळा करतात आणि तो पुन्हा कापतात. नक्षी तंतोतंत परत परत येते, हीच त्याची खूण. ते साग म्हणून विकलं, तर मात्र ती फसवणूक.

‘व्हिनियरपायी जंगलं तुटतात’ हा हिशेब उलटा मांडलेला असतो. एक सेंटिमीटर जाडीच्या फळीत अर्ध्या मिलिमीटरचे वीस काप बसतात. करवत चालत नाही, म्हणून भुशात जाणारं लाकूडही वाचतं. प्रत्यक्षात सगळे वीस हाती लागत नाहीत, तरी एका दाराच्या सागात कितीतरी दारं झाकली जातात. दुर्मीळ जातींची गोष्ट निराळी. शिसवाची सगळी डाल्बर्जिया प्रजाती २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आहे. म्यानमारनेही २०१४मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली.

सगळ्यात महागात पडणारा समज वाळवीचा. सागाला वाळवी लागत नाही, मग सागाच्या व्हिनियरला कशी लागेल? खरं तर सागातही गाभ्याचं लाकूडच टिकाऊ, बाहेरचं पांढरट लाकूड नाही. आणि व्हिनियरच्या खाली असतो प्लाय किंवा एमडीएफ, दुसऱ्याच झाडांचा. वाळवी तळातून शिरते आणि आतलं खाते. वर सागाची चामडी ताणलेल्या ढोलकीसारखी शाबूत राहते. बोट टेकवलं की आत जातं.

आता पाणी. ऑगस्ट २०१९मध्ये गंगेचं (आपण गोदावरीला गंगाच म्हणतो) पाणी सायखेडा आणि चांदोरीत शिरलं, ते सांगायला नको. त्यामुळे ‘मरीन प्लाय घातलाय, आता चिंता नाही’ हे वाक्य इथे नीट तपासायला हवं. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. तो प्लाय दमदार असतो, उकळत्या पाण्याच्या चाचणीत त्याचे थर सुटत नाहीत. पण ती हमी प्लायच्या आतल्या गोंदाची. सुतार जागेवर व्हिनियर चिकटवतो तो बहुधा पांढऱ्या गमने. हा गम पाण्यात दिवसभर भिजला की नरम पडतो. मग प्लाय उभा राहतो आणि वरचं सागवान फुगे धरून सुटतं. पॉलिश थेंब अडवतं, पूर नाही. खालच्या कडा तर बहुतेक वेळा पॉलिशशिवायच राहिलेल्या असतात.

वाड्याच्या खांबांना हा प्रश्न नव्हता. अख्खं लाकूड भिजायचं आणि सावकाश वाळायचं. म्हणून पूररेषेच्या आत घर असेल तर मी तरी तळमजल्यावर व्हिनियर लावणार नाही. फार हौस असेल तर गेल्या पुराची खूण जिथे भिंतीवर उरली आहे, तिच्यावर. खूण पुसली गेली असेल तर शेजाऱ्याला विचारा, तो कमरेपर्यंत हात नेऊन दाखवेल.