साखर चिकटते तेव्हा

भट्टीत पाव तांबूस का होतो? पिठातील शर्करा प्रथिनांना चिकटतात आणि तपकिरी पदार्थ बनतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. तुमच्या शरीरातही ती चालू आहे. फक्त ३७ अंशांवर, म्हणून अगदी सावकाश! तिला विकराचीही गरज नसते. रक्तात साखर जास्त, तर चिकटणेही जास्त.

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात. पण डोळ्यांच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मभर तीच राहतात. त्यांना साखर चिकटत गेली, की भिंग पिवळसर, पुढे गढूळ होते. मधुमेह्यांना मोतीबिंदू लवकर होण्याचे हे एक कारण.

आता कांदा पाहा. त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत (जे आपण बेधडक फेकतो!) क्वेरसेटिन हे फ्लॅव्होनॉइड भरपूर असते. साखरेपासून मिथिलग्लायॉक्झल नावाचा रेणू निघतो. तो प्रथिनांना साखरेपेक्षाही झपाट्याने चिकटतो. परीक्षानळीत क्वेरसेटिन त्याला आधीच पकडते आणि प्रथिने बचावतात. म्हणून आजोबांनी गोळी सोडून कांद्यावर विसंबावे काय? मुळीच नाही! खाल्लेल्या क्वेरसेटिनचा थोडाच अंश रक्तात पोचतो, आणि तोही आतडे व यकृत यांनी रूप बदललेला.