विमान विकत घ्यावे की बांधावे?

बाभुळगावच्या आठवडी बाजारात उभे राहून कोणी विमान घेण्याची गोष्ट काढली, तर ऐकणारे हसतील. कापसाला यंदा भाव काय मिळणार आणि बेंबळा प्रकल्पाचे पाणी कालव्याला केव्हा सुटणार, या विवंचनेत असलेल्या तालुक्याला विमानाशी काय कर्तव्य, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. तथापि या भागाचे आणि विमानाचे नाते अगदीच नाही, असे मात्र नव्हे. यवतमाळच्या धावपट्टीला ज्या जवाहरलाल दर्डा यांचे नाव दिलेले आहे, त्यांचा जन्म १९२३ साली याच बाभुळगावी झाला. दुसरे नाते याहून जवळचे आणि दुःखाचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात, वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण आपण स्वतः बनविलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असता मृत्युमुखी पडला. मागच्या पंख्याचे पाते तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्या आघातातून तो वाचला नाही, असे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. चार दिवस हळहळ झाली, ‘खेड्यातला शास्त्रज्ञ’ म्हणून गौरव झाला आणि विषय संपला. वस्तुतः तो तेथे सुरू व्हायला हवा होता.

ज्याला आकाशात जावेसे वाटते, त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. एक, तयार विमान विकत घेणे. दुसरा, ते स्वतः बांधणे. वरवर पाहता हा ऐपतीचा प्रश्न वाटतो. श्रीमंताने घ्यावे, गरिबाने बांधावे, इतका तो सोपा भासतो. परंतु जरा खोलात गेले की हा हिशेब चुकीचा ठरतो.

घेणाऱ्याला काय मिळते?

सेसना १७२ हे चार आसनी छोटे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले आणि आजवर त्याच्या चाळीस हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. असे विमान घेणारा माणूस केवळ पत्रा, इंजिन आणि पंख घेत नाही. त्याच्या आधी हजारो वैमानिकांनी त्या विमानात घालविलेले तास, झालेल्या अपघातांची चौकशी, कोणता भाग किती तासांनी बदलावा याची कोष्टके, हे सारे तो विकत घेत असतो. कारखान्याने पंखाला मोडेपर्यंत भार देऊन पाहिलेला असतो. देखभालीचे पुस्तक असते, ते वाचू शकणारा परवानाधारक अभियंता असतो आणि त्याची सही झाल्याखेरीज विमान हलत नाही. घेणाऱ्याला यातले काही कळत नसले, तरी हा अनुभव त्याचे रक्षण करतो. त्याने फक्त वैमानिकाचा परवाना मिळवायचा. आपल्या देशात खाजगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते.

अर्थात याची किंमत विमानाच्या किमतीपाशी थांबत नाही. शेडचे भाडे, विमा, नियमित तपासणी, सहजी न मिळणारे पेट्रोल, हा खर्च विमान जागेवर उभे असतानाही चालूच राहतो. बैलजोडी कामाला नसली म्हणून तिची वैरण थांबत नाही, तसेच हे आहे.

बांधणाऱ्याचे काय?

बांधणे स्वस्त पडते, हा समज मात्र खरा नाही. अनुभवी बांधणारे नवख्याला पहिला सल्ला हाच देतात की, केवळ उडायचे असेल तर विकत घ्या. बांधण्यातच आनंद असेल तर बांधा. सांगाडा उभा राहतो, मग इंजिनासाठी पैसा पुरत नाही. इंजिन येते, तोवर उत्साह सरतो. वर्षांमागून वर्षे जातात. कित्येक विमाने शेडमध्येच म्हातारी होतात.

पण ज्या देशांनी हा छंद ओळखला, त्यांनी त्याला रीत लावून दिली. अमेरिकेत १९५३ साली हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तेथील नियम असा की, विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेले असावे. त्या विमानावर ‘प्रायोगिक’ अशी ठळक अक्षरे असतात. सुरुवातीचे २५ ते ४० तास ते ठरवून दिलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडवायचे. भाड्याने प्रवासी तर कधीच न्यायचे नाहीत. ब्रिटनमध्येही १९४६ पासून अशी संघटना असून तिचे निरीक्षक बांधणाऱ्याच्या शेडमध्ये जाऊन टप्प्याटप्प्याने काम पाहतात. पंखावर आवरण चढविण्यापूर्वी आतला सांगाडा दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून गेलाच पाहिजे, एवढा साधा हा दंडक आहे. शासनाने येथे धोका नाकारलेला नाही. त्याला कुंपण घातले आहे. याच वातावरणात बर्ट रुटान या अभियंत्याने हौशी लोकांसाठी विमानांचे आराखडे तयार केले आणि त्याच्याच रचनेचे ‘व्हॉयेजर’ विमान डिसेंबर १९८६ मध्ये कोठेही न उतरता, इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

आपली परंपरा कोणती?

आपल्याकडे हा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघते. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, असे सांगितले जाते. त्याचा विश्वासार्ह पुरावा मात्र नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला दिला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. न उडालेल्या विमानाचा अभिमान बाळगण्यात आपण जेवढी शक्ती घालवितो, तेवढी उडालेल्या विमानांची विचारपूस करण्यात घालविली, तर बरे होईल.

उडालेली विमाने आपल्याजवळ आहेत. रुटानच्या आराखड्यावर आधारलेले छोटे विमान बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८७ मध्ये उडविले. त्या अनुभवाच्या पाठबळावर पुढे १९९३ मध्ये ‘हंस’ हे दोन आसनी विमान आकाशात गेले. आधी हौशी माणसासाठीचे विमान बांधून हात बसवावा आणि मग स्वतःचे रचावे, हा क्रम एका सरकारी प्रयोगशाळेलाही कमीपणाचा वाटला नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. व्यवसायाने वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, चाचणीच्या उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याला ते उडाले. तारखांचा हा क्रम पुरेसा बोलका आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या, मुंबईत राहणाऱ्या माणसाला नोंदणीपासून आकाशापर्यंत जावयास जर तीन वर्षे लागतात, तर महागावच्या वेल्डरने कोणाचे दार ठोठवायचे होते?

अडाणीपणा कोणाचा?

त्या तरुणाला अडाणी ठरविणे सोपे आहे. फिरत्या पात्याला बाहेर खेचणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट झाल्या की बल चौपट होते. म्हणून नवी पाती प्रथम आत माणूस न बसविता, दुरून चालवून, भक्कम आडोशामागून फिरवून पाहावयाची असतात. ही गोष्ट सांगावयास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे देणारा माणूस त्याला भेटला नाही. हाताचे कौशल्य त्याच्यापाशी होते. जी विदर्भातल्या गावोगावच्या कारखान्यांत तिफण, डवरे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घडविते, तीच ही कारागिरी. उणीव होती ती शेजारी उभे राहून ‘थांब, हे आधी तपासू’ म्हणणाऱ्या जाणकाराची. हा अडाणीपणा एकट्याचा मानणे न्यायाचे होणार नाही.

कोणी म्हणेल, अशांना उत्तेजन दिले तर आणखी जीव जातील. शंका प्रामाणिक आहे, पण अनुभव उलट सांगतो. उत्तेजन कोणी दिले नव्हते, तरी यंत्र तयार झालेच. उपेक्षेने माणूस थांबत नाही. तो एकटा पडतो, आणि या कामात एकटेपणाइतका मोठा धोका दुसरा नाही.

१ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमात विमानाच्या निर्मितीबरोबरच रचनेचाही अंतर्भाव झाला आहे, हे चांगले झाले. परंतु नियमांच्या पुस्तकात जागा असणे वेगळे आणि ती खेड्यातल्या माणसाला सापडणे वेगळे. त्यासाठी फार मोठा खर्च नको. जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वा अभियांत्रिकी महाविद्यालयात एक शेड असावी. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल होते. तेथील एखाद्या अनुभवी अभियंत्याने महिन्यातून एकदा येऊन काम पाहावे आणि वहीत सही करावी. सहीवाचून इंजिन सुरू करावयाचे नाही, एवढा नियम पाळला जावा. यवतमाळची धावपट्टी २००९ मध्ये दीर्घ भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आली. त्यानंतरच्या दशकात यवतमाळकरांना नियमित प्रवासी सेवा काही लाभली नाही. विमान विकत घेणाऱ्यांसाठी बांधलेल्या अशा धावपट्टीचा आठवड्यातला एखादा दिवस बांधणाऱ्यांना मिळाला, तर तिचे काही बिघडणार नाही.

ज्यांना परवडते त्यांनी विमाने जरूर घ्यावीत. त्यात गैर काही नाही. त्यांची वाट आखलेली आहे. बाभुळगाव-महागावकडच्या एखाद्या कारखान्यात आजही कोणी मुलगा जुन्या मोटारीचे इंजिन खोलून बसला असेल. त्याला हसू नये आणि हारही घालू नये. त्याचे काम तपासायला कोणीतरी जावे.