गर्दी गप्प का बसते?

लोकलच्या गच्च भरलेल्या डब्यात, ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या एखाद्या मुलीला कोणी तिच्या चेहरेपट्टीवरून टोमणा मारतो. पन्नास माणसे ऐकतात; बोलत मात्र कोणीच नाही. ही सारी माणसे निर्दय असतात काय?

१९६८ साली लटाने व डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीत त्यांनी धूर सोडला. खोलीत एकट्याच असणाऱ्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी उठून वर्दी दिली. मग शेजारी दोन माणसे मुद्दाम निर्विकार बसवली. आता १० पैकी एकानेच वर्दी दिली!

याची दोन कारणे सांगतात. प्रत्येकजण इतरांचे चेहरे पाहतो आणि 'विशेष काही नसावे' असे मानतो. शिवाय, खिळ्यांच्या फळीवर आडवे झाल्यास वजन वाटले जाते व एकही खिळा रुतत नाही. तशी जबाबदारी गर्दीत वाटली गेली, की ती कोणालाच टोचत नाही.

टोमण्याचा भार मात्र वाटला जात नाही. तो त्या एकटीवरच पडतो, आणि आपले मौन तिला संमतीसारखे वाटते. म्हणून कोणीतरी पहिले व्हावे. त्यासाठी भांडायलाच हवे असे नाही. "ताई, इकडे बसा," एवढे म्हटले तरी बाकीच्यांना पाहायला एक वेगळा चेहरा मिळतो.